छोट्या पडद्यावरचे नृत्य

पूर्वी नृत्य शिकायचे म्हणजे गुरूकडे जावे लागे. कथकचेच उदाहरण घ्या. लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांच्या दरबारात हे नृत्य बहरले. गुरू शिष्याच्या मनगटाला गंडा बांधत आणि मग वर्षानुवर्षे रियाज चाले. पायांत घुंगरू बांधून 'ता थै थै तत्' एवढेच बोल शिष्य महिनोन् महिने घोटत असे. गुरूंच्या परवानगीशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवायचे नाही, असा रिवाज होता. ज्याला गुरू मिळाला नाही, त्याने काय करायचे? त्याने लग्नाच्या वरातीत नाचायचे आणि घरी परत यायचे!

१९९६ साली सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' ही नृत्यस्पर्धा सुरू झाली. जावेद जाफरी, त्यांचे भाऊ नावेद आणि मित्र रवी बहल हे तिघे ती स्पर्धा चालवत. तिथे लहान मुले नाचत, त्यांच्या आयाही नाचत. तुमचा गुरू कोण, तुमचे घराणे कोणते, असे कोणी विचारत नसे. पुढे २००९ साली झी टीव्हीवर 'डान्स इंडिया डान्स' आली. तिथे टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि गीता कपूर हे नृत्यदिग्दर्शक स्पर्धकांना गुण देत, तसेच शिकवतही. बंगळूरचा सलमान युसूफ खान या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला. दुसऱ्या वेळी अंतिम फेरीत पोहोचलेल्या बडोद्याच्या धर्मेश येलांडेने त्यापूर्वी शिपायाची नोकरी केली होती. काही वर्षांनी तोच अशा स्पर्धांमध्ये इतरांना शिकवू लागला.

मुंबईजवळच्या वसई-नालासोपारा भागातील मुलांची गोष्ट तर याहून मोठी आहे. सुरेश मुकुंद यांच्या पथकाने २०११ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही स्पर्धा जिंकली. या मुलांच्या धडपडीवरून २०१५ साली 'एबीसीडी २' हा चित्रपट निघाला. २०१९ साली हेच पथक 'द किंग्ज' या नावाने अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' या स्पर्धेत उतरले. अंतिम फेरीत त्यांना शंभरपैकी शंभर गुण मिळाले. बक्षीस होते दहा लाख डॉलर! ज्यांना गुरू मिळाला नसता, त्यांना पडद्याने जग मिळवून दिले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

आता गावोगावी नृत्याचे क्लास निघाले आहेत. क्यूबाशी नाते सांगणारा सालसा आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गरीब तरुणांनी घडवलेला हिपहॉप ही नावे तालुक्याच्या गावातल्या पाट्यांवरही दिसतात. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले नाच आठवून पाहा. त्यांतल्या किती उड्या आणि गिरक्या पडद्यावरून आल्या आहेत?

परंतु पडद्याने नृत्याला संधी दिली, तशा अटीही घातल्या. पहिली अट वेळेची. कथकचा कलावंत संथ लयीने सुरुवात करतो आणि हळूहळू गती वाढवतो. बैठकीची लावणी सादर करणारी कलावती बसल्या जागी एकाच ओळीचे निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखवते. त्याला वेळ लागतो आणि पाहणाऱ्याला धीर लागतो. स्पर्धेत मात्र दोन-तीन मिनिटांत सगळे उरकायचे असते. परीक्षक चकित झाले पाहिजेत, घरी बसलेल्या प्रेक्षकाने वाहिनी बदलता कामा नये. मग कोलांटउड्या येतात, माणसांवर माणसे चढतात, कोणीतरी हवेत फेकला जातो. संथ लय मागे पडते. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. सभागृहात प्रेक्षक नर्तकाचे सारे शरीर पाहतो. पडद्यावर कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते. पाय उत्तम पडत असतात आणि नेमका त्याच वेळी परीक्षकाचा आ वासलेला चेहरा दिसतो! पायांची मेहनत कोणी पाहायची?

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोठ्यांसाठी रचलेल्या गाण्यांवर मुलांना तसेच हावभाव करायला लावले जात होते. म्हणून जून २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने, मुलांना अशोभनीय रीतीने दाखवू नका, अशी सूचना वाहिन्यांना केली.

आणि कसरतींचा धोका तर जिवावरचा असतो. मुंबई परिसरातील काही मुले जागा मिळेल तिथे सराव करत. एकदा सराव करताना त्यांचा एक सोबती पडला. त्याला जबर दुखापत झाली आणि त्यातच तो मरण पावला. मुलांनी नाच सोडला नाही. आपल्या पथकाचे नाव त्यांनी 'व्ही अनबीटेबल' ठेवले. २०२० साली या पथकाने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ची विजेत्यांची स्पर्धा जिंकली. त्यांच्या नावातला 'व्ही' हे त्या सोबत्याच्या नावाचे पहिले अक्षर आहे.

स्वाध्याय

१. 'बूगी वूगी'मध्ये स्पर्धकांना कोणते प्रश्न विचारले जात नसत?
२. स्पर्धेच्या वेळेमुळे नृत्यात कोणता बदल झाला?
३. वाक्यात उपयोग करा : धीर लागणे, आ वासणे, मागे पडणे.