ॲपमधला आवाज भोंग्यापर्यंत: दुकानदार व कारागिरांसाठी एक धडा

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात ईद, पोळा किंवा लग्नसराई जवळ आली की भोंगा लावलेल्या रिक्षा फिरू लागतात. पूर्वी रिक्षात माइक घेऊन बसलेला माणूस दिवसभर ओरडत असे. मग कॅसेट आली. एकदा आवाज भरला की टेप फिरत राही. परंतु कॅसेटवरून कॅसेट काढली की दर वेळी खरखर वाढे आणि चौथ्या-पाचव्या नकलेत दुकानाचे नावही धड ऐकू येत नसे. आता ताल, वाद्ये व बोलणे मोबाईलमध्येच जोडून जाहिरात तयार होते. आयफोनवर गॅरेजबँड हे ॲप 2011 पासून आहे. बँडलॅब आणि एफएल स्टुडिओ मोबाईल ही ॲप्स अँड्रॉइडवरही चालतात. कॉलेजात जाणारी मुले हे काम तासाभरात करून देतात.

अडचण त्यानंतर सुरू होते. ॲपमध्ये जाहिरात छान वाजते, पण ती भोंग्यावर न्यायची तर आधी ॲपमधून बाहेर काढावी लागते. पुष्कळ दुकानदार एका मोबाईलवर ती वाजवतात आणि दुसरा मोबाईल जवळ धरून भरून घेतात. त्यात पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या मोटारसायकली आणि गिऱ्हाईकाचे बोलणे, सर्व काही येते. मुलाला मजुरी दिली, वेळ दिला आणि भोंग्यावर भाव ऐकू आला नाही, तर हे सरळ नुकसान आहे. म्हणून ही रीत नीट समजून घेतली पाहिजे.

मागावरचे कापड आणि ताका

ॲपमध्ये जे साठवले जाते त्याला प्रोजेक्ट म्हणतात. कापडाच्या धंद्यातील बांधवांना हे लवकर समजेल. प्रोजेक्ट म्हणजे मागावर असलेले कापड. धागे वेगवेगळे दिसतात, रंग बदलता येतो, परंतु ते गिऱ्हाईकाला फाडून देता येत नाही. ढोलकी एका पट्टीवर, बोलणे दुसऱ्या पट्टीवर, सूर तिसऱ्या पट्टीवर, असे ते असते. पेनड्राइव्हला किंवा ॲम्प्लिफायरला प्रोजेक्ट कळत नाही. त्यांना या सर्व पट्ट्या एकत्र विणलेली एकच फाईल लागते.

ही फाईल मुख्यतः दोन प्रकारची असते. वेव्ह म्हणजे अख्खा ताका. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल एका मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी जागा घेते. एमपी3 म्हणजे काटछाट केलेला माल. 128 किलोबिटच्या दराने ती मिनिटाला जेमतेम एक एमबी होते. भोंग्यासाठी एमपी3 पुरेशी आहे. मात्र मूळ प्रत वेव्हमध्येच ठेवावी. कापलेल्या कपड्याचा पुन्हा ताका होत नाही, तशी एमपी3 ची वेव्ह केली तरी गेलेला दर्जा परत येत नाही. भाव बदलला, सण बदलला की वेव्ह किंवा प्रोजेक्ट हाताशी असला म्हणजे काम सोपे होते.

पहिली व उत्तम रीत: एक्स्पोर्ट

यात माइकचा संबंधच येत नाही. ॲप स्वतःच आतल्या आत सर्व पट्ट्या एकत्र करून फाईल बनवते, त्यामुळे बाहेरचा आवाज शिरण्याचा प्रश्न राहात नाही. गॅरेजबँडमध्ये आपल्या गाण्यावर बोट दाबून धरावे, ‘शेअर’ निवडावे, मग ‘साँग’ निवडावे आणि दर्जा विचारला की वेव्ह सांगावे. इतर ॲप्समध्ये हेच काम ‘एक्स्पोर्ट’, ‘डाउनलोड’ किंवा ‘मिक्सडाउन’ या नावाने असते.

गॅरेजबँड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवे गाणे उघडले की त्यात 8 बारांचाच भाग मिळतो. मिनिटाला 110 ठोके धरले तर हे साधारण साडेसतरा सेकंद होतात. बोलणे तीस सेकंदांचे असेल तर ते मधेच तुटते आणि मुलगा समजतो की मोबाईल बिघडला. त्या भागाची लांबी ‘ऑटोमॅटिक’ करून ठेवली की ही अडचण येत नाही. शेवटी दोन सेकंद मोकळी सोडावीत, म्हणजे शेवटचा शब्द कापला जात नाही.

बोलणे भरताना ब्लूटूथचे हेडफोन वापरू नयेत. त्यांचा माइक सुरू झाला की आवाज फोनवरच्या संभाषणासारखा दबका होतो, शिवाय ताल कानात उशिरा पोहोचतो व बोलणे मागे पडते. साधे तारेचे इअरफोन बरे. खोलीत गाद्या, कापडाचे गठ्ठे असतील तर उत्तम, कारण कापड घुमणारा आवाज शोषून घेते. या बाबतीत कापड दुकानाचे गोदाम रिकाम्या खोलीपेक्षा चांगले!

तयार फाईल व्हॉट्सॲपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. व्हॉइस नोट करून पाठवू नये. ती फक्त बोलण्यासाठी केलेली सोय आहे, तालाची त्यात वाट लागते.

दुसरी रीत: स्क्रीन रेकॉर्डिंग

काही लहान ॲप्समध्ये एक्स्पोर्टची सोय नसते, किंवा त्यासाठी पैसे मागतात. अशा वेळी मोबाईलचे स्क्रीन रेकॉर्डिंग कामी येते. आयफोनवर ते 2017 पासून आहे. अँड्रॉइडच्या 11 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, मोबाईलच्या आतला आवाज थेट भरण्याची सोय त्यात आली. सुरू करण्यापूर्वी माइक बंद ठेवावा आणि अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस ऑडिओ’ निवडावे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर जाहिरातीच्या मधोमध मेसेजची घंटी वाजेल. या रीतीने व्हिडिओ तयार होतो, त्यातून आवाज वेगळा काढावा लागतो. काही ॲप्स आतला आवाज भरू देतच नाहीत. तसे असेल तर रेकॉर्डिंग मुके निघते. तो मोबाईलचा दोष समजू नये.

तिसरी रीत: तार

मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून रेकॉर्डर किंवा संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये लावता येते. भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा ॲडॉप्टर मिळतो. माइकच्या भोकात तार लावू नये, कारण ते फार नाजूक आवाजासाठी असते व मोबाईलचा जोरदार आवाज तिथे फाटतो. मोबाईलचा आवाज अर्ध्यावर ठेवून आधी दहा सेकंद भरून ऐकावे. आवाज हळू भरला गेला तर नंतर वाढवता येतो, परंतु फाटलेला आवाज शिवता येत नाही.

भोंग्याचा स्वभाव

रिक्षावरच्या भोंग्यातून मधल्या पट्टीचा आवाज, म्हणजे माणसाचे बोलणे, चांगला निघतो. ढोलाचा खोल ठोका त्यातून जवळजवळ निघतच नाही. हेडफोनवर ऐकून ठोका वाढवला की भोंग्यावर नुसता गोंधळ होतो. म्हणून वाद्ये बोलण्यापेक्षा बरीच हळू ठेवावीत. काहींना वाद्ये नकोच असतात, त्यांनी नुसते बोलणे भरले तरी वरच्या सर्व रीती तशाच लागू पडतात. भोंग्याचा ॲम्प्लिफायर सहसा एकाच वाहिनीचा असतो, तेव्हा डावा-उजवा आवाज वेगळा करण्यात वेळ घालवू नये. पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट करून त्यात फक्त जाहिरातीची एमपी3 ठेवावी.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून लागू आहेत. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत तो उघड्यावर वाजवता येत नाही. इस्पितळ, शाळा व न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवलेले असते, तिथे भोंगा बंदच ठेवावा.

मिरजेकडून घ्यायचा धडा

हा विषय फक्त दुकानदारांचा नाही, कारागिरांचाही आहे. सांगली जिल्ह्यातील मिरजेत सतारी व तंबोरे बनवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे हुनर उचलले आणि त्यात फरीदसाहेबांचे नाव अग्रभागी घेतले जाते. भोपळा आणि लाकूड यांतून सूर काढणाऱ्या या कारागिरांपुढे 1979 मध्ये बेंगळुरूचे जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. पुढे तोच तानपुरा ॲप होऊन मोबाईलमध्ये शिरला. रियाजासाठी मोबाईल पुरतो म्हटल्यावर तंबोऱ्याचे गिऱ्हाईक कमी होणारच.

अशा ॲप्समधला सूर पुष्कळदा खऱ्या वाद्याच्या तारा एकेक छेडून भरून घेतलेला असतो. सूर कारागिराच्या हाताचा, कमाई मात्र ॲपवाल्याची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन मालाच्या नावाचे रक्षण करते, वाद्यातून निघालेल्या आवाजाचे नाही. म्हणून कारागिराने आपल्या प्रत्येक वाद्याचा अर्ध्या मिनिटाचा स्वच्छ आवाज स्वतः भरून ठेवावा. त्यासाठी हीच ॲप्स आणि हीच एक्स्पोर्टची रीत चालते. दूरच्या गिऱ्हाईकाला फोटोबरोबर तो आवाज पाठवला तर वाद्य हातात न घेताही त्याला पारख करता येते. कुणी ॲपवाला वाद्याचा सूर भरायला आला तर आधी कागद करावा, मग तार छेडावी.

आवाजाची मालकी

आवाज ॲपमधून काढता आला म्हणून तो आपला झाला असे नाही. गॅरेजबँडमधले तयार ताल आपल्या जाहिरातीत विनामूल्य वापरता येतात, धंद्यासाठीही. मात्र तेच ताल सुटे करून विकता येत नाहीत. प्रत्येक ॲपच्या अटी वेगळ्या असतात, त्या मुलाकडून वाचून घ्याव्यात. चित्रपटगीताची चाल जाहिरातीखाली लावणे सर्रास चालते, परंतु 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे असतो. स्क्रीन रेकॉर्डिंग करून उचललेले गाणे आपले होत नाही.

याच कायद्यात हक्क दुसऱ्याला देण्याचे नियम आहेत आणि ते आमच्या बांधवांना फारसे माहीत नसतात. हक्क दिल्याचा करार लेखी व देणाऱ्याच्या सहीचा असेल तरच ग्राह्य धरला जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क दिला असे मानले जाते. तेव्हा जाहिरात बनवणाऱ्या मुलाला पैसे देताना साध्या कागदावर रक्कम, मुदत व वापर लिहून सही घ्यावी. यात मुलाचेही भले आहे, कारण त्याचे काम शेजारच्या दुकानदाराने फुकट उचलले तर दाखवायला त्याच्या हाती पुरावा राहतो.

मोबाईल हरवतो, पडतो, ॲप चुकून काढून टाकले जाते आणि प्रोजेक्ट त्याच्याबरोबर जाऊ शकतो. जाहिरात तयार झाली त्याच दिवशी वेव्ह फाईल संगणकात किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवावी, तिला दुकानाचे नाव व तारीख द्यावी आणि मुलाच्या सहीचा कागद वहीत लावून ठेवावा. पुढच्या सणाला भाव तेवढा बदलला की जाहिरात पुन्हा तयार.