शाळेची पंगत आणि घरचे ताट

प्राथमिक शाळेत मूल वाचन व गणित यांबरोबर जेवावयासही शिकत असते. या विषयास पुस्तक नाही, वेळापत्रकात तास नाही. म्हणून तो सहसा दुर्लक्षित राहतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली मध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना या नावाने ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलास एका भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी हे प्रमाण ठरले आहे. अन्न ताटापर्यंत आले, तरी घंटेच्या घाईत मूल ते गिळून उठते. पोट भरल्याची जाणीव होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. तेवढी सवड मुलास मिळावयास हवी.

घरची स्थितीही ध्यानी घ्यावी. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात काम पाळ्यांत चालते. वडील रात्रपाळीहून परततात तेव्हा मुले शाळेस निघालेली असतात. भोवतालच्या खेड्यांत आई सकाळीच भाकरी करून केळीच्या बागेत मजुरीस जाते. मूल एकटे जेवते आणि सोबतीस मोबाइल घेते. त्यात चित्त गुंतले की किती खाल्ले व भूक केव्हा शमली, हे त्याला कळत नाही.

यासाठी पुढील पाठ घ्यावा.

उद्देश : स्वतःची भूक व तृप्ती ओळखणे, अन्नाकडे लक्ष देऊन सावकाश जेवणे.

कृती १ : ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणावी. प्रत्येकास लहान तुकडा द्यावा. मुलांनी तो पाहावा, हुंगावा व पुष्कळ वेळ चावावा. चावता चावता किंचित गोडी येते. लाळेमुळे पिष्टाची साखर होऊ लागते, हे येथे सांगावे. धान्य व कडधान्य एकत्र आल्याने प्रथिने अधिक उपयोगी पडतात. आपल्या खानदेशी स्वयंपाकातील हे शहाणपणही दाखवावे.

कृती २ : जेवणापूर्वी मुलांनी पोटावर हात ठेवून भूक बोटांनी दाखवावी, थोडी असल्यास एक बोट, कडकडून लागली असल्यास पाच. अर्धे जेवण झाल्यावर पुन्हा विचारावे.

कृती ३ : प्रथम थोडे वाढावे व हवे तितक्या वेळा मागू द्यावे. ‘ताटात टाकू नये’ ही आपली शिकवण योग्यच आहे. परंतु ताट भरून वाढावयाचे आणि पोट भरल्यावरही संपविण्याची सक्ती करावयाची, यात मूल आपल्या पोटाचे ऐकणे विसरते. थोडे वाढून पुन्हा विचारल्यास अन्न वाया जात नाही आणि कोणी उपाशीही राहत नाही.

गृहपाठ : दिवसातील एका जेवणास घरी असतील त्या सर्वांनी एकत्र बसावे, मोबाइल दूर ठेवावा. त्यात आईही असावी. सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची तिची रीत अनेक घरांत आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी आईच्या ताटात काय उरते, हे घराने पाहिलेच पाहिजे. ‘आई, तूही बस’ एवढे मुलाने म्हटले, तरी गृहपाठ झाला असे समजावे.

सूचना : दुसऱ्या दिवशी ‘काल घरी काय केले होते?’ असे वर्गात विचारू नये. ज्याच्या घरी चटणी-भाकरीच होती, त्याला मान खाली घालावी लागते. ‘जेवताना कोणती चव, कोणता वास ध्यानात आला?’ असे विचारावे. याचे उत्तर प्रत्येकाजवळ असते. कोणाच्या कृशतेवर वा स्थूलतेवर बोलू नये. सावकाश जेवा म्हणजे कमी जेवा, असाही अर्थ होऊ देऊ नये. वाढीच्या वयातील मुलास पोटभर अन्न हवेच. ज्याची भूक रोज पाच बोटांची असते, त्याच्या घरी सकाळी चूल पेटते की नाही, याची चौकशी शिक्षकाने एकांतात व आपुलकीने करावी.

हा पाठ एका दिवसात संपणारा नाही. आठवड्यातून एक दिवस तरी शिक्षकांनी पंगतीत मुलांबरोबर बसावे, सावकाश जेवावे आणि पालकसभेत या विषयास दहा मिनिटे द्यावीत.