जुन्या शिडाच्या जहाजांना नवे काम : मेन किनाऱ्यावरील एक प्रयोग

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. तेथील पेनॉबस्कॉट उपसागरात उन्हाळ्याच्या दिवसांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची लाकडी शिडाची जहाजे आजही फिरताना दिसतात. त्यांवरील माणसे व्यापारी नसतात आणि कोळीही नसतात. शिक्षक, कारकून, डॉक्टर, निवृत्त गृहस्थ अशी ही मंडळी चार-पाच दिवसांची सुटी घालविण्यासाठी आलेली असतात. वरवर पाहता ही केवळ करमणूक वाटते. परंतु कालबाह्य ठरलेले साधन नवा उपयोग मिळाल्यास कसे टिकते, आणि ते टिकविण्यासाठी समाजाला कोणती जबाबदारी पत्करावी लागते, याचा हा एक बोधप्रद धडा आहे.

व्यापाराचा अस्त

एकोणिसाव्या शतकात मेनच्या किनाऱ्यावरील बहुतेक मालवाहतूक ‘स्कूनर’ या जातीच्या जहाजांतून होत असे. दोन किंवा अधिक डोलकाठ्या आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने बांधलेली शिडे ही या जातीची ओळख होय. अशी शिडे डेकवर उभे राहूनच चढविता-उतरविता येतात. त्यामुळे थोड्या खलाशांत काम भागे आणि लहान धक्क्यांवरही माल पोहोचविता येई. इमारती लाकूड, चुना, ग्रॅनाइटचे दगड, विटा, जळाऊ लाकूड हा त्यांचा नेहमीचा माल होता.

पुढे आगबोटी व रेल्वे आल्या आणि त्यांच्यामागून मालमोटारी आल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत या जहाजांचा धंदा जवळजवळ बसला होता. काम नसलेले लाकडी जहाज फार दिवस तग धरीत नाही. पावसाचे गोडे पाणी फळ्यांत मुरते, सांधे उघडतात, लाकूड कुजते. अनेक जहाजे खाड्यांच्या चिखलात रुतून तशीच नाहीशी झाली.

१९३६ चा आरंभ

या परिस्थितीत १९३६ साली फ्रँक स्विफ्ट या गृहस्थांनी मेनमधील कॅमडेन बंदरातून ‘मेबल’ नावाच्या स्कूनरवर सुटीच्या सफरी सुरू केल्या. पहिल्या फेरीला अवघ्या तीन महिला प्रवासी होत्या, असे सांगितले जाते. कल्पना साधी होती. जेथे पूर्वी माल भरला जाई त्या पोटात छोट्या खोल्या करावयाच्या आणि मालाच्या जागी माणसे न्यावयाची. प्रतिसाद हळूहळू वाढत गेला, स्विफ्ट यांच्या ताफ्यात आणखी जहाजे आली आणि इतरांनीही त्यांचा कित्ता गिरविला. ‘विंडजॅमर’ या नावाने हा व्यवसाय आज ओळखला जातो.

या ताफ्यातील ‘लुईस आर. फ्रेंच’ आणि ‘स्टीफन टेबर’ ही दोन्ही जहाजे १८७१ साली पाण्यात उतरली. पहिले मेनमध्येच बांधले गेले, तर दुसरे न्यूयॉर्क राज्यात. प्रत्येकाची लांबी सुमारे ६५ ते ७० फूट असून प्रत्येकावर वीस-बावीस प्रवाशांची सोय होते. दोहोंनाही राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला आहे. मात्र ती संग्रहालयात बांधून ठेवलेली नाहीत. ती स्वतःच्या कमाईवर चालतात, ही विशेष उल्लेखनीय बाब होय.

सफरीचे स्वरूप

हंगाम साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. कोणत्या बेटाकडे जावयाचे हे आगाऊ ठरलेले नसते; वारा आणि भरती-ओहोटी पाहून तांडेल ते ठरवितो. या उपसागरात भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे तीन मीटरचे अंतर पडते, त्यामुळे पाण्याचे वेळापत्रक पाळल्यावाचून गत्यंतर नसते. ‘फ्रेंच’सारख्या जहाजात इंजिन नाही. वारा पडला तर एक छोटी मोटार-होडी मागून जहाजाला ढकलते.

पहाटे लाकडाच्या चुलीवर कॉफी व पाव तयार होतो. नांगर उचलणे, शीड चढविणे, सुकाणू धरणे या कामांत ज्याची इच्छा असेल त्याने हात लावावा. नसेल त्याने डेकवर बसून पुस्तक वाचावे. सक्ती कशाचीच नाही. दुपारी एखाद्या बेटाच्या वाळूवर शेवंड शिजवून सहभोजन होते आणि रात्री शांत कोनाड्यात नांगर टाकला जातो. खोल्या अरुंद व सोयी बेताच्या असतात. तरीही अनेक प्रवासी पुन्हापुन्हा येतात. दोर ओढताना दहा अनोळखी माणसे एका तालात येतात, हेच बहुधा या सफरीचे खरे आकर्षण असावे.

सुरक्षिततेचा प्रश्न

जुन्या जहाजावर माणसे नेणे ही खेळीमेळीची गोष्ट नव्हे, हा धडा अमेरिकेला मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ऑगस्ट १९५५ मध्ये चेसापीक उपसागरात ‘लेव्हिन जे. मार्व्हल’ हे सफरीचे जुने स्कूनर चक्रीवादळात सापडून बुडाले आणि त्यावरील २७ जणांपैकी १४ जण मृत्युमुखी पडले. अशा लहान शिडाच्या जहाजांची सरकारी तपासणी तोवर बंधनकारक नव्हती. त्यानंतर १९५६ साली कायदा होऊन सहांहून अधिक प्रवासी नेणारी लहान जहाजेही तपासणीच्या कक्षेत आली.

तथापि कायद्याने काळजी संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेनमधील ‘ग्रेस बेली’ या १८८२ सालच्या स्कूनरची मुख्य डोलकाठी मोडून एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अन्य काही जण जखमी झाले. डोलकाठी आतून कुजलेली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. बाहेरून रंगविलेले लाकूड आतून पोकळ असू शकते. म्हणून ते नुसते पाहून चालत नाही, ठोकून व टोचून तपासावे लागते.

अशी निगा खर्चिक असते. दर वसंतात जहाज पाण्याबाहेर काढून तळ खरवडणे, सांध्यांत धागे ठासणे, दोर व शिडे बदलणे ही कामे चुकत नाहीत. १९०० साली बांधलेले तीन डोलकाठ्यांचे ‘व्हिक्टरी चाइम्स’ इतके लोकप्रिय होते की, २००३ साली काढलेल्या मेनच्या स्मारक-नाण्यावर त्याच्यासारखे जहाज कोरले गेले. तरीही वाढता खर्च न पेलल्याने २०२२ साली त्याच्या सफरी थांबल्या. नाण्यावर मान मिळाला म्हणून फळ्यांचा खर्च भागत नाही.

बोध

कोकणच्या खाड्यांतूनही एकेकाळी मचवे व गलबते मीठ, कौले, भात व लाकूड वाहून नेत; रस्ते आल्यावर तीही मागे पडली. अशी एखादी जुनी होडी अथवा ती बांधण्याचे कसब कोठे शिल्लक असेल, तर मेनच्या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, जुन्या वस्तूला कौतुकापेक्षा कामाची गरज अधिक असते. काम असले म्हणजे तिची देखभाल होते आणि देखभालीबरोबर सुतार, शीडकरी व खलाशी यांची विद्याही पुढच्या पिढीकडे जाते. दुसरी गोष्ट अशी की, ज्या दिवशी त्या वस्तूवर माणसे बसू लागतात, त्या दिवसापासून तिची तपासणी हा कर्तव्याचा भाग होतो. या दोहोंपैकी एक गोष्ट सुटली तर जहाज चिखलात रुतते आणि दुसरी सुटली तर माणसांचा जीव जातो.