दृष्टिपटलाची जाडी आणि नजरेची तीक्ष्णता

ह्या ओळीतील कोणत्याही एका शब्दावर नजर स्थिर करावी आणि डोळा तसूभरही न हलविता त्याच ओळीतील दूरचे शब्द वाचण्याचा प्रयत्न करावा. लगतचा एखादा शब्द वाचता येतो. त्यापलीकडे काही अक्षरे आहेत एवढे कळते, परंतु ती कोणती हे सांगता येत नाही. पुस्तक तेच, उजेड तोच, डोळाही निरोगी. मग असे का व्हावे?

ह्याचे कारण डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस पसरलेल्या एका नाजूक पडद्याच्या रचनेत आहे. ह्या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात; काही ग्रंथांत त्यालाच जालपटल असेही नाव आहे. बाहेरील वस्तूंची प्रतिमा नेत्रभिंगामुळे ह्याच पडद्यावर उमटते. मराठीत ‘जाडी’ हा शब्द उच्चारला की भिंत किंवा घोंगडी डोळ्यांसमोर येते. येथे मात्र ज्या जाडीचा विचार करावयाचा आहे ती जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणजे लिहिण्याच्या दोनतीन कागदांएवढी आहे. एवढ्याशा जाडीत मज्जापेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. आश्चर्य असे की, प्रकाशाची जाणीव होणाऱ्या पेशी ह्या थरांच्या अगदी मागच्या अंगास असतात. बाहुलीतून आलेल्या प्रकाशास पुढचे सर्व थर ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते.

ह्या प्रकाशग्राही पेशी दोन प्रकारच्या आहेत. शलाकापेशी अंधुक प्रकाशात उपयोगी पडतात व त्यांची संख्या एका डोळ्यात सुमारे ९ ते १२ कोटी असते. भरपूर उजेडात बारीक तपशील आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी त्या मानाने फारच थोड्या, सुमारे ४५ ते ६५ लाख. पण ह्या थोड्या पेशी सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नाहीत. दृष्टिपटलाच्या मध्याजवळ पिवळसर रंगाचा एक भाग आहे. त्यास पीतबिंदू म्हणतात. त्याच्या मधोमध सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचा एक उथळ खळगा असतो, ती गर्तिका. येथे पुढचे मज्जाथर बाजूला सरकलेले असतात, रक्तवाहिन्या अगदी मध्यावर नसतातच, आणि शंकुपेशींची अतिशय दाटी झालेली असते. खळग्याच्या काठावर दृष्टिपटल सुमारे ३५० मायक्रोमीटर जाड असते, तर तळाशी ते दोनशेच्या आसपास भरते. (१,००० मायक्रोमीटर म्हणजे १ मिलिमीटर.) आपण ज्या शब्दाकडे रोखून पाहतो त्याची प्रतिमा ह्या तळावर पडते, शेजारच्या शब्दांची बाहेर पडते. म्हणजे ज्या ठिकाणी नजर सर्वांत तीक्ष्ण, तेथेच पीतबिंदूचा पडदा सर्वांत पातळ! जे जाड ते बळकट, हा व्यवहारातील समज येथे चालत नाही.

मग तीक्ष्णता कशावर अवलंबून आहे? ह्यासाठी थोडे गणित करू. नेत्रपरीक्षेच्या वेळी भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता बहुतेकांनी पाहिला असेल. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील डॉक्टर हेर्मान स्नेलेन ह्यांनी तो १८६२ साली तयार केला. ६ मीटरांवरून वाचावयाच्या ‘६/६’ ह्या ओळीतील अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. ते डोळ्याशी ५ कलांचा कोन करते आणि त्याची प्रत्येक रेघ १ कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा. दृष्टिपटलावर एका कलेची प्रतिमा सुमारे ५ मायक्रोमीटर रुंद पडते. गर्तिकेच्या मध्यात दोन शेजारच्या शंकुपेशींमधील अंतर आहे सुमारे अडीच मायक्रोमीटर. दोन काळ्या रेघांमधील पांढरी फट ओळखावयाची तर दोन अंधाऱ्या पेशींच्या मध्ये निदान एक उजळलेली पेशी हवी. आणि येथे तर एका रेघेच्या वाट्याला दोनदोन पेशी येतात. त्यामुळे पुष्कळ निरोगी तरुणांना ६/६ च्या खालची बारीक ओळही वाचता येते. ६/६ ही परिपूर्ण दृष्टी असे जे म्हटले जाते, ते बरोबर नाही.

ह्या सर्व हिशेबात पडद्याची जाडी कोठेच आली नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ठिपक्यांची रांगोळी किती बारीक काढता येईल हे ठिपक्यांमधील अंतरावर ठरते. अंगणातील सारवणाचा थर किती जाड आहे ह्यावर नाही. शंकुपेशींची ही दाटीही सर्व माणसांत सारखी नसते. गर्तिकेच्या मध्यात दर चौरस मिलिमीटरला ती सरासरीने सुमारे २ लाख असली, तरी कोणाच्या डोळ्यात १ लाख तर कोणाच्या डोळ्यात ३ लाखांहून अधिक आढळली आहे.

जिवंत माणसाच्या डोळ्यातील ही जाडी मोजणे फार काळ अशक्य होते. हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या नेत्रदर्शकाने दृष्टिपटल दिसू लागले खरे, पण समोरून; त्याची खोली कळत नसे. ही अडचण १९९१ मध्ये पुढे आलेल्या ‘ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी’ ह्या पद्धतीने दूर झाली. ह्या लांबलचक नावाऐवजी सर्वत्र ‘ओसीटी’ असेच म्हणतात. ह्या पद्धतीत अवरक्त प्रकाशाचा मंद किरण डोळ्यात सोडतात. निरनिराळ्या थरांवरून तो थोडाथोडा परावर्तित होतो. दरीत हाक मारून प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून समोरच्या कड्याचे अंतर काढावे, तसाच हा प्रकार आहे; मात्र प्रकाश इतका वेगवान की हा सूक्ष्म काळ कोणत्याही साध्या घड्याळाने मोजता येणार नाही. म्हणून परत आलेला प्रकाश आरशावरून आलेल्या दुसऱ्या किरणाशी मिसळून दोहोंच्या व्यतिकरणावरून अंतर काढतात. डोळ्यास स्पर्श न करता काही सेकंदांत सुमारे ५ मायक्रोमीटरांपर्यंतचा फरक दाखविणारे छेदचित्र मिळते.

निरोगी तरुणांच्या डोळ्यांची अशी मोजणी केली असता माणसामाणसांत कित्येक दशक मायक्रोमीटरांचे अंतर दिसते. पुरुषांत मध्यभाग सरासरीने किंचित जाड असतो. निकटदृष्टीच्या माणसाचा नेत्रगोल लांबट असल्यामुळे त्याच्या मध्याभोवतालचे दृष्टिपटल पातळ आढळते. यंत्रे निराळी असली तर एकाच डोळ्याच्या मापात सुमारे ६० मायक्रोमीटरांचाही फरक पडतो, कारण पडद्याची मागची सीमा कोणती धरावी ह्यावर यंत्रांचे एकमत नाही! परंतु योग्य चष्मा लावून नजर तपासली की ह्या जाडीचा आणि तीक्ष्णतेचा संबंध आढळत नाही, किंवा अगदी फिकट आढळतो. ह्यात तक्त्याचाही थोडा दोष आहे. वर्गातील जवळजवळ सर्व मुलांना पूर्ण गुण मिळाले, तर त्या परीक्षेवरून हुशारीचा क्रम लावता येत नाही.

खळग्याविषयीही सावधपणे बोलावे लागते. जन्मतःच रंगद्रव्य कमी असलेल्या, म्हणजे वर्णहीनतेच्या, व्यक्तींमध्ये गर्तिका नीट तयार होत नाही व त्यांची नजर बहुधा अधू असते. तथापि गर्तिका जवळजवळ नसूनही चांगले दिसणारी माणसे पाहण्यात आली आहेत. खळगा आणि पेशींची दाटी बहुधा एकत्र वाढतात, एवढेच त्यावरून म्हणता येते.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. ओसीटीचे अहवाल आता सामान्य माणसांच्या हाती पडतात, आणि त्यांत मापांना हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग दिलेले असतात. चष्म्याने ६/६ वाचणारी एखादी विद्यार्थिनी आपल्या अहवालातील तांबडा रंग पाहून घाबरते. हा रंग एवढेच सांगतो की, यंत्रात साठविलेल्या निरोगी डोळ्यांच्या मापांशी तुलना करता असे माप शंभरांत एखाद्याचेच असते. म्हणजे शंभर निरोगी माणसांतही एखाद्यास तो मिळावयाचाच. शिवाय तीव्र निकटदृष्टीचे डोळे त्या साठ्यातून बहुधा वगळलेले असतात. मग तिच्या लांबट डोळ्याची तुलना होते ती भलत्याच डोळ्यांशी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मधुमेहामुळे मध्यापासून दूर सूज आली असता, किंवा काचबिंदूने मज्जातंतू झडू लागले असता, माणूस तक्त्याची शेवटची ओळ सहज वाचत असतो आणि दृष्टिपटलाची जाडी मात्र बदललेली असते. मधुमेही माणसाने ‘मला स्वच्छ दिसते’ म्हणून तपासणी टाळणे हे ह्याच कारणासाठी धोक्याचे आहे.

अशा वेळी डॉक्टर इतर शेकडो डोळ्यांपेक्षा त्याच माणसाच्या जुन्या अहवालाची अधिक आस्थेने चौकशी करतात. एकाच यंत्रावर पुन्हा घेतलेल्या मापात चारपाच मायक्रोमीटर इकडेतिकडे होतात, त्यांना अर्थ नसतो. पण दोन वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवलेला असेल आणि त्या मापाहून आजचे माप तीसचाळीस मायक्रोमीटरांनी निराळे निघाले, तर रंग हिरवा असला तरी डॉक्टर ते चित्र पुन्हा एकदा काढून पाहतात.