शेताची ओळ आणि संगणकाची यादी

बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांस सात-बाराचा उतारा नवा नाहीं. गांवनमुना सात जमिनीवरील हक्क सांगतो व गांवनमुना बारा तिच्यांतील पीक सांगतो. अशा अनेक उताऱ्यांतील माहिती एका कोष्टकांत मांडली, म्हणजे प्रत्येक शेताच्या वांट्यास एक ओळ येते. या ओळींपासून संगणकांत 'वस्तूंची' यादी कशी तयार करावी, हें आज आपण पाहूं.

कोष्टकाची ओळ ही संगणकास केवळ अक्षरांची रांग होय. तिची वस्तु करावयाची, म्हणजे प्रत्येक मूल्यास त्याचें नांव द्यावयाचें. प्रथम 'शेत' नांवाचा सांचा आंखावा व त्यांत गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र आणि पीक असे चार कप्पे ठेवावे. नंतर एक रिकामी यादी घ्यावी. कोष्टकाची पहिली ओळ मथळ्याची असते; तिच्यावरून कोणता रकाना कोणत्या कप्प्यांत जावयाचा, हें ठरवावें. रकाना केवळ स्थानावरून ओळखूं नये. कारण उद्यां कोणी मध्यें नवा रकाना घातला, तर पिकाच्या जागीं खातेदार येऊन बसेल. पुढें प्रत्येक ओळीसाठीं नवी वस्तु निर्माण करून, तिचे कप्पे भरून, ती यादींत ठेवावी.

येथें 'नवी' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ नवशिके एकच वस्तु आरंभीं करितात व प्रत्येक ओळीस तीच पुनः पुनः भरितात. मग यादींत शंभर नोंदी दिसल्या, तरी त्या सर्व शेवटच्याच ओळीच्या असतात. साऱ्या गांवाचें शिवार एकाच खातेदाराच्या नांवें होतें!

दुसरी दक्षता मूल्यांच्या जातीविषयीं. गट १२/१ व गट १२/१० हीं दोन निराळीं शेतें आहेत. तिरक्या रेघेच्या जागीं दशांशचिन्ह देऊन त्यांस संख्या मानल्यास १२.१ आणि १२.१० एकच ठरतील. म्हणून गट क्रमांक अक्षररूपांतच ठेवावा. क्षेत्र १.०५.०० असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ १ हेक्टर, ५ आर, ० चौरस मीटर, म्हणजे १०५ आर. मधलें शून्य गळून तें १.५ झालें, तर १५० आर होतील. ४५ आरांची ही चूक एका एकराहून अधिक आहे.

नोंद चुकली म्हणजे काय होतें, हें इंदापुरानें पूर्वीं भोगिलें आहे. प्रिंगल यांच्या पाहणीवरून १८३० च्या सुमारास येथें जो सारा बसला, त्यांत मोजणीचे दोष होते व आकारही जड होता. शेतें पडीक राहिलीं. कुळें गांव सोडून गेलीं. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ सालीं याच तालुक्यांत नवी पाहणी आरंभिली, जमिनीची प्रत पाहून शेतागणिक आकार ठरविला व तो ३० वर्षांसाठीं कायम केला. हीच पद्धति पुढें मुंबई इलाख्यांत पसरली.

तेव्हां यादी तयार झाल्यावर ओळींची व वस्तूंची संख्या ताडून पाहावी, सर्व क्षेत्रांची बेरीज मूळ कोष्टकाशीं जुळवावी, आणि दोन-चार नोंदी स्वतः वाचून पाहाव्या. संगणकास ती ओळ असेल. कोणा कुटुंबास मात्र ती वर्षाची भाकर आहे, हें आपण विसरूं नये.