मुलामुलींसाठी कृषी महाविद्यालय निवडताना



बारावीचे व प्रवेश परीक्षेचे निकाल आणि खरिपाची धांदल दरवर्षी एकाच सुमारास येते. सोयाबीनचे किंवा कपाशीचे वाण निवडताना आपण चार जणांना विचारतो, शेजाऱ्याचे मागील वर्षाचे पीक आठवतो, जमीन हलकी की भारी याचा विचार करतो. मुलाच्या प्रवेशाचा विकल्प अर्ज मात्र तालुक्याच्या गावी संगणक केंद्रावर बसून, गर्दीत, दहा मिनिटांत भरला जातो. वाण चुकले तर एक हंगाम जातो. महाविद्यालय चुकले तर मुलाची चार वर्षे आणि घरची पुंजी पणाला लागते. म्हणून या विषयावर शेतकरी कुटुंबांना उपयुक्त अशी माहिती येथे देत आहोत.

कोणत्या विद्यापीठात काय?

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ, अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. राज्यातील जुनी कृषी महाविद्यालये विद्यापीठांच्याही आधीची आहेत. नागपूरचे महाविद्यालय १९०६ साली व पुण्याचे १९०७ साली सुरू झाले. आज नागपूरचे महाविद्यालय अकोला विद्यापीठाकडे व पुण्याचे राहुरी विद्यापीठाकडे आहे.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो आणि चारही विद्यापीठांत तो बहुतांशी सारखाच आहे. फरक पडतो तो भोवतालच्या पिकांचा व संशोधनाचा. राहुरीच्या कार्यक्षेत्रात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र व सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र आहे. अकोल्याचा भर कापूस, संत्रा व तेलबियांवर आहे. परभणीने ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी व ‘एमएयूएस ७१’ हे सोयाबीनचे वाण दिले. बदनापूरचे केंद्र तुरीसाठी ओळखले जाते. दापोलीच्या क्षेत्रात कर्जतला भाताचे व वेंगुर्ल्याला काजू-आंब्याचे काम चालते. विद्यार्थी ज्या मातीत चार वर्षे हात घालणार, तेथील पीक त्याच्या मनात बसते. घरी डाळिंब व ऊस असेल तर एक विचार, भात व फळबाग असेल तर दुसरा.

फक्त ‘बी.एस्सी. कृषी’ एवढाच पर्याय आहे असेही नाही. उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी व्यवसाय व्यवस्थापन असे इतर पदवी अभ्यासक्रमही आहेत. यंत्रांची आवड असलेल्या मुलाने अभियांत्रिकीचा, प्रक्रिया उद्योगाकडे ओढा असलेल्या मुलीने अन्नतंत्रज्ञानाचा विचार जरूर करावा. पशुवैद्यक शाखा मात्र कृषी विद्यापीठांकडे नाही. ती २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे असून तिचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेवर होतो.

घटक की संलग्न?

हा प्रश्न बहुतेक पालक विचारतच नाहीत, आणि खरा फरक येथेच असतो. घटक महाविद्यालय म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे. तेथील प्राध्यापक विद्यापीठाचे असतात, प्रक्षेत्र विद्यापीठाचे असते व शुल्क कमी असते. संलग्न विनाअनुदानित महाविद्यालय खाजगी संस्था चालवते. पदवी विद्यापीठाचीच मिळते, परंतु जमीन, प्रयोगशाळा व शिक्षक यांची जबाबदारी त्या संस्थेची असते. खाजगी महाविद्यालयांतही काही चांगली आहेत. तथापि काही ठिकाणी इमारत देखणी आणि प्रक्षेत्र कागदावर, असेही आढळते. नावाच्या पाटीवर विसंबून राहू नये. आपले घर जवळ आहे एवढ्याच कारणाने तर मुळीच निवडू नये.

महाविद्यालयास प्रत्यक्ष भेट

विकल्प भरण्यापूर्वी मुलाला बरोबर घेऊन निदान दोन महाविद्यालये पाहून यावीत. एस. टी.चे भाडे व एका दिवसाची मजुरी एवढाच खर्च येतो. भेटीत पुढील बाबी तपासाव्यात.

१) प्रक्षेत्र : किती एकर आहे, पाण्याची सोय काय आणि आज शेतात कोणते पीक उभे आहे, हे चालत जाऊन पाहावे. विद्यार्थ्यांचे प्लॉट कोठे आहेत ते विचारावे. तणांनी भरलेले शेत पाहून काय समजायचे ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

२) शिक्षक : मृदशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र व उद्यानविद्या या विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत का? की एकच व्यक्ती तीन विषय सांभाळते?

३) प्रयोगशाळा : माती परीक्षणाची उपकरणे वापरात आहेत की कपाटात बंद आहेत?

४) ग्रंथालय व वसतिगृह : ग्रंथालय सायंकाळी उघडे असते का? वसतिगृहात, विशेषतः मुलींच्या, पाणी, जेवण व सुरक्षिततेची व्यवस्था कशी आहे?

५) विद्यार्थी : तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी, शिक्षक जवळ नसताना बोलावे. खरी माहिती तेथे मिळते.

प्रवेशाचा मार्ग

राज्यातील प्रवेश एमएचटी-सीईटी या परीक्षेनंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. याशिवाय भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वाट्याच्या जागा २०२३ पासून ‘सीयूईटी’ परीक्षेतून भरल्या जातात. त्यातून परराज्यातील कृषी विद्यापीठात जाता येते. अशा विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही आहे.

‘पैसे द्या, जागा मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. अर्ज स्वतः भरावा, त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी आणि विकल्पांचा क्रम घरी बसून कागदावर लिहून मगच संगणकावर जावे.

कागदपत्रांची तयारी अकरावीतच सुरू करावी. सातबारा व आठ-अ उतारा, शेतकरी असल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, तसेच लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे लागतात. जात वैधतेस काही महिने लागू शकतात. गुणवत्ता असूनही केवळ या एका कागदासाठी जागा हातची गेल्याची उदाहरणे आहेत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असेल व वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्यावी.

खर्चाचा हिशेब

शुल्क, वसतिगृह, खानावळ, पुस्तके व प्रवास असा चार वर्षांचा अंदाज एका वहीत मांडावा. प्रवेशाच्या घाईत जमीन विकणे किंवा सावकाराकडे जाणे हा मार्ग नव्हे. आधी पुढील सवलती पाहाव्यात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती शुल्कासाठी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. दोन्हींचे अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर होतात. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ती मिळत नाही. ‘मुलीला कशाला एवढे शिकवायचे’ हे वाक्य आता खर्चाच्या नावाखालीही टिकत नाही. तरीही पैसे कमी पडल्यास राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्यावे.

पहिले सत्र : रोपावस्था

रोपावस्थेतील ताण पीक पुढे सहसा भरून काढत नाही. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. गावातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलापुढे अचानक इंग्रजी पुस्तके येतात. शिक्षक भराभर बोलतात, इतर मुले माना डोलावतात आणि आपला मुलगा गप्प बसतो.

प्रस्तुत लेखकास अध्यापनाच्या काळात भेटलेला एक विद्यार्थी आठवतो. कोरडवाहू गावातला, पाच एकरांच्या घरचा. पहिल्या सत्रात तो दोन विषयांत नापास झाला. घरी सांगितले नाही, कारण वडिलांनी बैलजोडी विकून पैसे भरले होते. दुसऱ्या सत्रात तो वर्गात येईनासा झाला. तणांच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी योगायोगाने आला, आणि शेतातील प्रत्येक तण त्याने मराठी नावाने ओळखले. वर्गातील हुशार मुलांना त्यांतील निम्मीही ओळखता आली नाहीत. त्या दिवशी त्याला एक वही करायला सांगितली. डाव्या बाजूला त्याला ठाऊक असलेले नाव आणि उजव्या बाजूला शास्त्रीय नाव : हरळी म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटंडस, गाजरगवत म्हणजे पार्थेनियम. वही भरत गेली तशी भीती गेली. राहिलेले विषय त्याने सुटवले व पदवी वेळेत पूर्ण केली. त्याला विषय येत होता, फक्त त्याची इंग्रजी नावे येत नव्हती.

म्हणून निकालानंतर मिळणाऱ्या दोन महिन्यांत पुढील तयारी करून घ्यावी.

• आपल्या शेतातील पिके, तणे, किडी, खते यांची मराठी-इंग्रजी अशी दुहेरी नावे असलेली वही तयार करावी.
• रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. समजले नाही तरी सोडू नये.
• घरच्या एका पिकाचा पेरणीपासून विक्रीपर्यंतचा जमाखर्च मुलाने स्वतः लिहावा.
• स्वतःचे कपडे धुणे, साधा स्वयंपाक व बँकेचा व्यवहार मुलामुलींना सारखाच शिकवावा.

वसतिगृहात रॅगिंगचा त्रास झाल्यास गप्प बसू नये. महाराष्ट्रात याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. १८००-१८०-५५२२ या देशभरच्या विनाशुल्क क्रमांकावरही तक्रार करता येते. पालकांनी आठवड्यातून एकदा फोन करावा आणि ‘मार्क किती’ याआधी ‘जेवलास का, झोप लागते का’ हे विचारावे. मुलाने अपयश सांगितले तर रागावू नये. रागाच्या भीतीने लपवलेले अपयश अधिक महाग पडते.

पदवीनंतर काय?

चौथ्या वर्षी ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात विद्यार्थी खेड्यात शेतकऱ्यांबरोबर काम करतात. आपल्या गावात अशी मुले आली तर त्यांना शेतावर जरूर न्यावे आणि शंका विचाराव्यात. दोघांचाही त्यात फायदा आहे.

पदवीधरास लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवा, बँकांतील कृषी अधिकारी पद, बियाणे व खत कंपन्या आणि पदव्युत्तर शिक्षण हे मार्ग खुले असतात. नोकऱ्या मात्र पदवीधरांच्या मानाने थोड्या आहेत, हे सुरुवातीलाच मान्य करावे. ही पदवी कृषी निविष्ठा विक्रीच्या परवान्यासाठी पात्रता म्हणून चालते. २००२ साली सुरू झालेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत प्रशिक्षण घेऊन रोपवाटिका, माती परीक्षण, अवजारे भाड्याने देणे असे व्यवसायही उभे करता येतात. आपल्याच शेतीत परतणारा पदवीधर हा अपयशी नव्हे. तो हिशेब ठेवून, माती तपासून शेती करत असेल तर चार वर्षांचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणू नये.

सारांश

विद्यापीठ निवडताना पिकांचा व मुलाच्या आवडीचा विचार करावा. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा प्रक्षेत्र व शिक्षक पाहावेत. कागदपत्रे व खर्चाचा हिशेब वेळेआधी तयार ठेवावा. आणि पहिल्या सहा महिन्यांत मुलाला एकटे सोडू नये. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, आणि तरीही पेरण्यापूर्वी उगवण तपासतो. तेवढीच काळजी मुलाच्या प्रवेशाच्या वेळीही घ्यावी.