खंड्याला टॅग कसा द्यावा?

चोडणच्या पक्षी अभयारण्यातले फोटो नुसत्या तारखेच्या फोल्डरात ठेवले, तर वर्षभराने खंड्या शोधताना दमछाक ठरलेली. लाइटरूम क्लासिकमध्ये ‘पक्षी’खाली ‘खंड्या’ आणि त्याखाली ‘पांढऱ्या छातीचा खंड्या’ अशी टॅगची उतरंड करा. शेवटच्या टॅगला ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’ हे शास्त्रीय नाव समानार्थी म्हणून जोडा. बोलीतली नावं गावागणिक बदलतात. इंग्रजीतही पूर्वीचा ‘व्हाइट-ब्रेस्टेड’ आता ‘व्हाइट-थ्रोटेड’ झालाय! ओळख पक्की नसेल तर ‘खंड्या’वरच थांबा, अंदाजपंचे जात लिहू नका. स्थळ, ‘उडताना’, ‘चोचीत मासा’ हे टॅग वेगळे.

आणि हो, टॅग आधी फक्त कॅटलॉगात असतात. फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा. रॉ फोटोशेजारी एक्सएमपी फाइल तयार होते. मंडळाला फोटो देताना तीही द्या.